भांड्यावरचं नाव



आजचा विषय वाचून कुणाच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, तर त्यांना मी दोष देणार नाही. प्राचीन चीनमधली विधीची काशाची भांडी! आणि ती सांगायची कुठं, तर नालवाडीत. त्यात आणखी एक अडचण. या भांड्यांपैकी बरीचशी दारूची आहेत, आणि आपला वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. तेव्हा जेवढं कायद्यात बसेल तेवढंच बोलेन म्हणतो.

खरं म्हणजे चीन आपल्याला तितका परका नाही. १९३८ मध्ये युद्धानं पोळलेल्या चीनकडे भारतातून पाच डॉक्टरांचं पथक निघालं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते, हे मात्र आपण विदर्भवाले विसरतो. आणि आज इथून हाकेच्या अंतरावर, टेकड्यांवरच्या हिंदी विश्वविद्यालयात पोरं चिनी भाषा शिकतायत.

पण मी या विषयाकडे वळलो तो एका प्रश्नामुळे. प्रश्न साधा आहे. भांडं कुणाचं? ज्यानं ते करवून घेतलं त्याचं? ज्याच्यासाठी केलं त्याचं? की ज्यानं ते घडवलं त्याचं? जगात जिथं जिथं जुनी भांडी सापडली तिथं हा प्रश्न विचारता येतो. पण चिनी भांड्यांसमोर तो जास्त धारदार होतो, कारण ही भांडी बोलतात. त्यांच्या पोटात, बुडाशी, कानाखाली अक्षरं आहेत. त्या अक्षरांत नावं आहेत. आणि कुणाची नावं आहेत नि कुणाची नाहीत, यावरून त्या समाजाचं सगळं गणित उलगडतं. आज तीन मुद्दे मांडणार आहे. पहिला अन्नाचा, दुसरा अक्षराचा, तिसरा हाताचा.

पहिला मुद्दा, अन्नाचा.

इ. स. पू. सोळाव्या शतकाच्या सुमाराला चीनमध्ये शांग घराण्याची सत्ता सुरू झाली आणि इ. स. पू. १०४६ च्या सुमारास चौ घराण्यानं ती उलथवली. शांगांची शेवटची राजधानी आजच्या हनान प्रांतात, आनयांगपाशी. या दोन घराण्यांच्या काळात तांबं, कथील आणि थोडं शिसं एकत्र वितळवून जी भांडी ओतली गेली, त्यांना जगात तोड नाही. मांस शिजवायचा तीन पायांचा डिंग. धान्याचा नैवेद्य ठेवायचं क्वेई. दारू ऊन करून ओतायचं, लांब चोचीचं च्युए. वाफेवर शिजवायचं दुमजली भांडं. हात धुवायची परात. म्हटलं तर हा सगळा स्वयंपाकघराचाच संसार.

मग तो विधीचा कसा? तर या भांड्यांतलं अन्न आधी जिवंत माणसांसाठी नव्हतं. ते पूर्वजांसाठी होतं. शांग लोकांची समजूत अशी, की गेलेले राजे-राण्या वर बसून पाऊस, पीक, लढाई आणि दुखणीखुपणी यांवर ताबा ठेवतात. त्यांना वेळच्या वेळी जेवूखाऊ घातलं तर ते कृपा करतील, नाही घातलं तर कोपतील. पितरांचं पान वाढणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथं ही गोष्ट राज्यकारभाराच्या मध्यभागी होती. पितरांना वाढायचा अधिकार ज्याच्या हाती, राज्य त्याच्या हाती.

आणि म्हणून भांडी मोजली जाऊ लागली. चौ काळातल्या ग्रंथांनी तर कोष्टकच घालून दिलं. राजाला नऊ डिंग, सरदाराला सात, त्याखालच्याला पाच, मग तीन. सोबत क्वेई आठ, सहा, चार, दोन. थडगी उघडली गेली तेव्हा हे आकडे पुष्कळ ठिकाणी खरोखर जुळले. माणूस मेल्यावरही त्याच्या उशाशी त्याची पायरी मांडून ठेवलेली असायची.

या मोजण्याची एक गोष्ट चीनमध्ये शाळकरी पोरालाही पाठ असते. यू नावाच्या आदिराजानं नऊ प्रदेशांचा धातू गोळा करून नऊ डिंग ओतले आणि ज्याच्याकडे ते, तो खरा सम्राट, अशी दंतकथा होती. इ. स. पू. ६०६ मध्ये छू राज्याचा बलदंड राजा सैन्य घेऊन चौ राजधानीच्या वेशीवर आला आणि त्यानं सहज म्हणून विचारलं, "तुमच्या त्या डिंगांचं वजन किती हो?" समोरच्या मंत्र्यानं ओळखलं, हा वजन विचारत नाही, हा सिंहासन मागतोय. त्यानं उत्तर दिलं त्याचा भावार्थ असा, की राज्य टिकतं ते गुणांवर, डिंगांवर नव्हे. गुण असतील तर लहान डिंगही हलत नाही, आणि नसतील तर मोठ्यालाही वजन उरत नाही. छूचा राजा परत गेला. पुढं ते नऊ डिंग नाहीसेच झाले. एका नदीत बुडाले म्हणतात. चीनच्या पहिल्या सम्राटानं, छिन श हुआंगनं, हजार माणसं पाण्यात उतरवून ते शोधले, तरी हाती लागले नाहीत. ज्यानं अख्खा चीन जिंकला त्याला नऊ भांडी मिळाली नाहीत!

आता आपल्याकडे वळू. वर्धा जिल्ह्यात खैरवाडा आहे. नागपूरजवळ माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा, नायकुंड आहेत. या सगळ्या ठिकाणी शिलावर्तुळं आहेत. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये भर, आणि त्याखाली माणसं पुरलेली. इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली ही माणसं. म्हणजे चीनमध्ये चौ सरदार डिंग मोजत होते, त्या काळी आपल्या या काळ्या मातीत ही वर्तुळं रचली जात होती. टाकळघाट-खापा आणि माहुरझरीची उत्खननं शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं १९६८ ते १९७२ या काळात केली. वर्तुळांखाली काय मिळालं? काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, अकीक-कार्नेलियनचे मणी. माणसासोबत घोडा पुरलेला, आणि त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज. आणि तांब्याची भांडी. त्यांतल्या काही झाकणांच्या मुठीवर छोटे पक्षी बसवलेले आहेत.

म्हणजे मेलेल्याच्या सोबत भांडं द्यायचं, तेही साधं नाही, सजवलेलं द्यायचं, ही ओढ आनयांगला होती आणि इथंही होती. पण एक मोठा फरक आहे. विदर्भातल्या त्या झाकणावर अक्षर नाही. ते कुणाचं होतं, कुणी दिलं, कोणत्या निमित्तानं दिलं, काही लिहिलेलं नाही. नुसते पक्षी आहेत. आणि हा फरक आपल्याला दुसऱ्या मुद्द्याकडे नेतो.

दुसरा मुद्दा, अक्षराचा.

१९७६ मध्ये आनयांगला जंग चन्-श्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी एक थडगं उघडलं. मध्यम आकाराचं, पण तीन हजार वर्षं चोरांच्या नजरेतून सुटलेलं. आत कांस्याच्या ४६८ वस्तू निघाल्या. त्यांचं एकूण वजन दीड टनाच्या वर. जेड दगडाच्या साडेसातशे वस्तू, जवळजवळ सात हजार कवड्या. हे सगळं कुणाचं? तर त्यांतल्या शंभराहून अधिक भांड्यांवर एकच नाव होतं, फू हाओ. शांग राजा वू डिंगची ही राणी. त्या काळी बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कौल लावून प्रश्न कोरत. अशा हाडांवर तिचं नाव आधीच वाचलं गेलं होतं. ती बाळंत होणार, मुलगा होईल का? ती तेरा हजारांचं सैन्य घेऊन निघाली आहे, जय मिळेल का? हाडावरची बाई आणि भांड्यावरची बाई एकच निघाली. एका नावामुळे तीन हजार वर्षांपूर्वीची एक सेनापती राणी इतिहासात येऊन उभी राहिली. भांडी बिननावाची असती तर आपण एवढंच म्हटलं असतं, 'एका श्रीमंत व्यक्तीचं थडगं'.

शांगांच्या काळी नाव दोन-चार अक्षरांत संपायचं. चौ काळात भांडं लिहायला लागलं. शांगांचा पाडाव झाला त्या लढाईची हकिकत एका क्वेईत आहे. ली नावाच्या अधिकाऱ्याला राजानं विजयानंतर धातू बक्षीस दिला, त्याचं त्यानं भांडं केलं आणि आत लढाईची सकाळ नोंदवून ठेवली. छियांग नावाच्या दरबारी इतिहासलेखकानं एका परातीत २८४ अक्षरं ओतवून घेतली. निम्म्यात चौ राजांचा पराक्रम, निम्म्यात स्वतःच्या घराण्याची वंशावळ. राजाच्या शेजारी आपलं कुळ बसवायचं कसब तेव्हापासूनचं आहे! सर्वांत लांब लेख माओ नावाच्या सरदाराच्या डिंगात, जवळजवळ पाचशे अक्षरांचा.

या लेखांचा शेवट बहुतेक वेळा एका ठरावीक धाटणीचा असतो. अमक्यानं आपल्या गेलेल्या बापासाठी हे मौल्यवान भांडं केलं. पोरानातवंडांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपून वापरावं.

मंडळी, हे वाक्य ऐकून तुम्हाला तुमच्या घरातला हंडा आठवला की नाही? पितळी डबा, तांब्याचं गंगाळ, स्टीलचं ताट. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव. कुणाकडून कुणाला, लग्नाची तारीख, 'सप्रेम भेट'. भांड्यांच्या दुकानात भांडं घेतलं की 'नाव घालायचं का?' हा प्रश्न ठरलेला. हे नाव का घालतो आपण? पंगतीत भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून, हे एक झालं. पण मामानं दिलेल्या हंड्यावर मामाचं नाव असतं ते हंडा ओळखता यावा म्हणून थोडंच? ते मामा ओळखता यावा म्हणून. मामा जातो, भाची जाते, आणि तिची नातसून तो हंडा घासताना तारीख वाचते. चौ सरदार आणि वर्ध्याच्या मार्केटातली नवरीची आई, दोघांना एकच गोष्ट हवी आहे. आपण दिलं, हे राहावं.

आता या राहण्याची एक उलटी गोष्ट ऐका. शाआन्शी प्रांतात पाओची शहर आहे. तिथल्या एका गावकऱ्याला १९६३ मध्ये घरामागच्या कड्यात एक जुनं भांडं मिळालं. दोन वर्षांनी ते भंगारात गेलं, तीस युआनला. संग्रहालयाच्या एका माणसाची नजर पडली म्हणून ते वितळायचं वाचलं. पुढं दहा वर्षं ते एक सुंदर भांडं म्हणून राहिलं. १९७५ मध्ये एका प्रदर्शनासाठी ते नेलं गेलं, तेव्हा बुडाशी साचलेल्या गंजाखाली बोटाला खाचा लागल्या. साफ केलं तर १२२ अक्षरं. 'मधलं राज्य' हे चीनचं नाव ज्यात पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं, तो हा लेख. ह नावाच्या तरुण सरदाराला राजानं उपदेश केला आणि कवड्यांच्या तीस माळा दिल्या, त्या आनंदात त्यानं हे भांडं करवलं. तीस माळांत झालेलं भांडं तीन हजार वर्षांनी तीस युआनला विकलं गेलं. ज्यात एका देशाचं नाव होतं, ते मोडीत निघालं होतं. का? कुणी आत बघितलंच नव्हतं.

या अक्षरांना एक वेगळं वळणही लागलं. इ. स. पू. ५३६ मध्ये चंग राज्याच्या मंत्र्यानं शिक्षेचे कायदे भांड्यावर ओतून लोकांसमोर ठेवले. पुढं इ. स. पू. ५१३ मध्ये चिन राज्यानंही तेच केलं, तेव्हा कन्फ्यूशियसनं नाराजी दाखवली. त्याचं म्हणणं असं, की लोक आता भांड्याकडे पाहतील, मग मोठ्यांचा मान कोण ठेवील? थोर माणूस होता, पण इथं माझं मन त्याच्याबरोबर जात नाही. कायदा सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लिहिला, तर मान कमी होतो तो मनमानीचा. पण बघा, भीती नेमकी कशाची वाटली त्याला? भांड्यावर कुणाचं काय लिहिलं जातं, याची. अक्षराची जागा म्हणजे सत्तेची जागा, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

आता तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा. हाताचा.

मघापासून मी किती नावं घेतली! फू हाओ, ली, छियांग, माओ, ह. यांतल्या एकानं तरी भट्टीसमोर उभं राहून भांडं ओतलं असेल? लेखात तर स्वच्छ लिहिलेलं असतं, 'अमक्यानं हे भांडं केलं.' केलं म्हणजे करवलं. खरं केलं कुणी?

ते कसं होत असे हे आधी बघू, म्हणजे प्रश्नाचं वजन कळेल. हूपेइ प्रांतात थोंगल्यूशान नावाच्या डोंगरात १९७३ मध्ये प्राचीन तांब्याच्या खाणी उघडकीला आल्या. खाली खाली जाणाऱ्या विहिरी, आडव्या सुरुंगवाटा, माती ढासळू नये म्हणून लाकडी चौकटी. अंगाची वळकटी करून माणूस त्यात शिरायचा. हे झालं तांब्याचं. कथील आणखी कुठून तरी. मग कोळसा. मग भट्टी.

आणि मग साचा. इथं चीनची खरी करामत आहे. आपल्याकडे मूर्ती ओतणारे मेणाची पद्धत वापरत आले. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण काढायचं, पोकळीत धातू ओतायचा. चिनी कारागिरांनी वेगळी वाट धरली. हवं तसं भांडं आधी मातीचं घडवायचं. त्याच्याभोवती ओल्या मातीचा जाड थर दाबायचा, नक्षी त्यात उमटते. तो थर सुरीनं भागांत कापून सोडवायचा, बारीक रेघा पुन्हा कोरायच्या, भाजायचा. आतला गाभा तासून तेवढा लहान करायचा, जेवढी भांड्याची जाडी हवी. मग तुकडे गाभ्याभोवती जुळवायचे, मध्ये अंतर राहावं म्हणून धातूच्या बारक्या चकत्या ठेवायच्या, सगळं घट्ट बांधायचं आणि हजार अंशांच्या वर तापलेला रस एका दमात ओतायचा. थांबलं तर सांधा राहतो, वाफ अडकली तर छिद्र पडतं. थंड झालं की साचा फोडायचा. दुसऱ्या भांड्याला पुन्हा पहिल्यापासून.

संग्रहालयात ही भांडी हिरवीगार दिसतात. तो रंग जमिनीनं दिलेला. भट्टीतून निघताना ती सोन्यासारखी पिवळीधमक असायची. त्यांच्यावर दोन मोठ्या डोळ्यांचा एक चेहरा असतो, खालचा जबडा नसलेला पशू. त्याचा अर्थ काय, यावर विद्वान अजून भांडतात. मला त्या चेहऱ्याच्या नाकावरून खाली जाणारी रेषा जास्त बोलकी वाटते. बऱ्याचदा तिथंच साच्याचे दोन तुकडे भेटलेले असतात. सांधा लपवायचा तर तो नक्षीच्या मध्यावर न्यायचा, ही कारागिराची हुशारी. मालकाचं नाव भांड्याच्या पोटात आहे. कारागिराची सही म्हणायची, तर ती या सांध्यावर आहे.

१९३९ मध्ये आनयांगजवळच्या वूक्वान गावात शेतकऱ्यांना जमिनीत एक चौकोनी डिंग लागला. एक मीटर तेहतीस सेंटिमीटर उंच, वजन ८३२.८४ किलो. मुलानं आईसाठी करवलेला. आत तीन अक्षरं, राणीमातेचं नाव. जपानी फौजा त्या भागात होत्या. गावकऱ्यांनी आधी तो करवतीनं कापून विकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एक कान गेला. मग त्यांनी तो पुन्हा पुरून टाकला, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये वर काढला. आज तो बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आठशे किलोंचं भांडं! किती मुशींत एकाच वेळी धातू वितळला असेल, किती माणसांनी एका हाकेवर रस ओतला असेल? आईचं नाव उरलं. ती हाक देणारा कोण होता?

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे व्याख्यान नुसतं कौतुक होईल. फू हाओच्या थडग्यात भांड्यांबरोबर सोळा माणसं पुरलेली होती. आनयांगच्या राजघराण्याच्या दफनभूमीत बळी दिलेल्या माणसांची हाडं रांगांनी मिळाली. वाफेवर शिजवायच्या एका भांड्यात तर माणसाचं डोकं होतं. गांधी-विनोबांच्या या भूमीत उभं राहून ही गोष्ट मी हलक्या आवाजात सांगणार नाही. आणि आणखी एक. एवढा धातू वितळत होता, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काय होतं? बहुतांशी दगडाचा विळा आणि लाकडाचं अवजार. कांस्य गेलं पितरांकडे आणि लढाईकडे. रानात दगडच राहिला.

म्हणजे कारागिराचं नाव चीनमध्ये कधीच आलं नाही का? आलं. आणि कसं आलं ते ऐकण्यासारखं आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात छिन राज्यानं नियम केला, की वस्तूवर घडवणाऱ्याचं नाव कोरलं पाहिजे. महामंत्री ल्यू बूवेइच्या काळातली कांस्याची शस्त्रं मिळाली आहेत. त्यांच्यावर वर्ष, मग महामंत्री, मग कारखान्याचा अधिकारी, त्याखाली दुय्यम अधिकारी, आणि शेवटी कारागीर. अखेर हाताला नाव मिळालं! कशासाठी? माल वाईट निघाला तर कुणाला पकडायचं हे कळावं म्हणून. मालकाचं नाव मानासाठी लिहिलं गेलं, कारागिराचं शिक्षेसाठी.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना धातूचे चार ऐवज मिळाले. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळे भरीव ओतलेले, मिळून साठ किलोंच्या वर. पुष्कळ अभ्यासक ते उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे मानतात. काहींचा त्याला आक्षेप आहे. हे बहुधा खेळणं नसावं, कशाच्या तरी मिरवणुकीतलं असावं. रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. कोणत्या राजानं तो सांगितला असेल? मला वाटतं, तो कुत्रा कारागिराच्या मनातला. पुरावा नाही माझ्याकडे. पण मालक रथ मागतो, हत्ती मागतो. कुत्रा मागत नाही.

आणि आपले विदर्भातले लोक? नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. वर्तुळांखाली खंजिरांबरोबर कुऱ्हाडी आणि छिन्न्या आहेत. म्हणजे इथं मेलेल्याच्या सोबत कामाचं हत्यारही जात होतं. उगीच अभिमान मिरवायला हे सांगत नाही. इथंही घोडेवाले आणि बिनघोड्याचे होतेच. प्रत्येकाला वर्तुळ मिळालं असेल असं नाही. पण लोखंड इथं मानाच्या जागी पोचलं होतं, आणि ते लाकूड तोडणारं, दगड फोडणारं लोखंड होतं, हे जमिनीनं दाखवलं आहे. तांब्याच्या झाकणावरच्या पक्ष्याशेजारी छिन्नी ठेवणारा समाज काहीतरी वेगळं म्हणत होता.

आता तुम्ही मला अडवाल. म्हणाल, राणी नसती, सरदार नसता, तर भांडं झालंच नसतं. भट्टी कुणी पेटवली असती? कलेला आश्रय लागतो. मान्य. फू हाओ नसती तर ती भांडी नसती. मी कुणाचं नाव खोडा असं म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, की जागा असताना दुसरं नाव का नाही? पाचशे अक्षरं मावली, तिथं आणखी दोन का मावली नाहीत? ओतणाऱ्यालाच तर ती अक्षरं साच्यात उलटी उठवावी लागत होती! दुसऱ्याचं नाव कोरण्यात त्याचा जन्म गेला. त्याला अक्षर येत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

हा प्रश्न मी नालवाडीत विचारतो आहे, याला कारण आहे. १९३२ च्या अखेरीला विनोबा इथं राहायला आले. सूत कातून जेवढी मजुरी मिळेल तेवढ्यात जगून बघायचं, असा त्यांचा प्रयोग होता. १९३४ मध्ये इथं ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथं चर्मालय चालवलं, मेलेल्या जनावराचं कातडं कमावण्याचं काम ज्या काळी विटाळाचं मानलं जात होतं त्या काळी. पुढं १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले. तिथं जमीन खणताना त्यांच्या कुदळीला भरतभेटीचं शिल्प लागलं, हे आपण जाणतोच. या गावानं त्या दशकात एक प्रश्न हातात टकळी घेऊन विचारला. जो घडवतो त्याला समाजात जागा कोणती? सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळते का? ही गोष्ट ज्या गावात झाली, तिथं भांड्यांचा इतिहास फक्त मालकांच्या नावांवरून वाचणं शोभणार नाही.

थोडक्यात सांगायचं तर असं. अन्न सांगतं, सत्ता कुणाची. अक्षर सांगतं, आठवण कुणाची. आणि हात विचारतात, श्रम कुणाचे. पहिल्या दोन गोष्टींना चीननं कांस्यात उत्तर दिलं, इतकं टिकाऊ की तीन हजार वर्षं जमिनीखाली राहून ते शाबूत आहे. तिसऱ्याचं उत्तर शोधण्याचं काम आपल्या पिढीकडे आलं आहे. चिनी पुरातत्त्वज्ञ ते करतायत. आनयांगला आणि शान्शीतल्या होउमा इथं ओतशाळांच्या जागा खणून त्यांनी साच्यांचे हजारो तुकडे गोळा केले. फुटलेला साचा म्हणजे कचरा, असं एके काळी वाटायचं. आज त्याच कचऱ्यावरून ओतशाळेतल्या कामाची वाटणी कळते. कुणी नमुना घडवायचा, कुणी नक्षी कोरायची, कुणी ओतायचं.

आपण काय करू शकतो? आपल्याजवळ आनयांग नाही. पण खैरवाडा आहे. आपल्याच जिल्ह्यातली ही वर्तुळं किती विद्यार्थ्यांनी पाहिली आहेत? शेत सपाट करताना, रस्त्याला गिट्टी हवी म्हणून विदर्भातले असे दगड हलवले जातात. एकदा हलले की वर्तुळ संपलं. इथं महाविद्यालयाचे प्राध्यापक बसले आहेत. वर्षाची एक सहल तिकडे जाऊ द्या.

आणि दुसरं काम घरचं आहे. पितळेची भांडी आपण भराभर मोडीत घालतोय. जड आहेत, कल्हई करायला कुणी येत नाही, माळ्यावर जागा नाही. सगळी कारणं खरी. घाला मोडीत. पण त्याआधी भांडं खिडकीपाशी न्या, काठ पुसा आणि त्यावरचं नाव, गाव, तारीख वहीत उतरवून घ्या. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक जास्तीचा प्रश्न विचारा. हे घडवलं कुणी? भंडाऱ्याचं होतं का? गावातल्या कासाराकडून घेतलं होतं का? ठोकणाऱ्या तांबटाचं नाव कुणाला आठवतं का? काही वेळा उत्तर मिळेल. मिळालं तर मालकाच्या नावाखाली तेही लिहा. शिक्षेसाठी नको, मानासाठी लिहा.

विद्यार्थ्यांपैकी कुणी हे मनावर घेतलं, नालवाडीतल्या भांड्यांची एक वही तयार झाली, तर संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी बाहेरून वक्ता बोलावण्याची घाई करू नका. याच व्यासपीठावर ती वही वाचली जाऊ द्या. ऐकायला मी स्वखर्चानं येईन.